चौदा निळे दोर

"बाबा, ड्रममध्ये दोर नाहीये!"

उनाइसीने हाक मारली तेव्हा बाबा शिडीवर होते. तोंडात चार खिळे, हातात हातोडी आणि खिडकीवर अर्धवट ठोकलेली फळी. त्यांनी मान वळवली नाही.

"नीट बघ."

"नीटच बघितलं. वर ताडपत्री आहे, खाली नारळाच्या सोडणांचा ढीग. दोराचा पत्ता नाही!"

बाबांनी एक खिळा तोंडातून काढला आणि जरुरीपेक्षा जोरात ठोकला. "असेल कुठेतरी."

सकाळचे आठ वाजले होते. स्वयंपाकघरातला रेडिओ साडेसहापासून तेच सांगत होता. वादळ उद्या दुपारी बारापर्यंत बेटावर पोहोचेल, वर्ग चार, बोटी बंद, उरलेली कामं आज संध्याकाळपर्यंत उरका. नावूनीवी गावात चौदा घरं होती आणि चौदाही घरांत ठोकाठोक चालली होती. आई परसात कसाव्याची झाडं कमरेइतकी छाटत होती, म्हणजे वाऱ्याने झाडं हलून जमिनीतले कंद उपटले जायला नकोत. उनाइसीचा धाकटा भाऊ सेमेसा बादल्या भरत होता. राजधानी सुव्याहून सुट्टीला आलेली चुलत बहीण केलेरा केळीची पानं तोडत होती आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, "नक्की बोट येणार नाही का?"

"येईल की," सेमेसा म्हणाला. "थेट छपरावर येईल!"

घरात, खिडकीखालच्या चटईवर तुकाई पडले होते. तुकाई म्हणजे बाबांचे वडील. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय गेले. हात मात्र शाबूत होते आणि कानही.

"दोर नाही म्हणाली का ती?" त्यांनी आतून विचारलं.

बाबांनी आणखी एक खिळा ठोकला.

उनाइसी तेरा वर्षांची होती आणि तिला मागचं वादळ चांगलं आठवत होतं. तेव्हा ती सात वर्षांची होती. पश्चिमेकडचा पत्रा आधी उचलला गेला, मग सगळं छप्पर. त्यानंतर मदतीचं जहाज आलं आणि प्रत्येक घराला एकेक जाडजूड निळा दोर मिळाला, प्रत्येक पेडात पिवळा धागा असलेला. वादळ आलं की दोर छपरावरून टाकायचा, दोन्ही टोकं जमिनीत पुरलेल्या ओंडक्यांना आवळायची. बाबांनी घर पुन्हा बांधलं, पण जुन्याच वाशांवर. पश्चिमेकडचा पत्रा अजूनही थोड्या वाऱ्याने कुरकुरायचा. दोराशिवाय तो टिकणार नव्हता, हे बाबांनाही ठाऊक होतं. आणि त्या पत्र्याच्या बरोबर खाली तुकाईंची चटई होती.

"चला," ती दोघांना म्हणाली. "गावात बघू या."

"काय बघायचं?"

"दुसऱ्यांचे दोर."

त्यांनी वरच्या टोकापासून सुरुवात केली. पहिलं घर, छपरावर दगड. दुसरं घर, छपरावर वाळूची पोती. तिसऱ्या घरावर चक्क जुनी होडी पालथी घातलेली! चौदा घरं झाली. निळा दोर एकाही छपरावर नव्हता.

"एकाच्याही नाही," केलेरा म्हणाली. "मग विचारा ना सरळ! दोर कुठे गेला म्हणून."

"असं विचारत नाहीत," सेमेसा म्हणाला.

"का?"

"वाईट दिसतं."

"आणि छप्पर उडालेलं चांगलं दिसतं?"

गावप्रमुख पेनीआसीकाका स्वतःच्या छपरावर बसून दगड रचत होते. उनाइसीने खालून आवाज दिला. "काका! दोर केव्हा टाकताय?"

"उद्या!"

"उद्या तर वादळ आहे!"

"म्हणूनच. आज काढला तर रात्रीच्या दवाने भिजेल." हे बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं असावं, कारण त्यांच्या हातातला दगड निसटून घरंगळत खाली आला.

केलेरा कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबली. मग पोट धरून हसली. "वादळासाठी ठेवलेला दोर भिजेल! दवाने!"

उनाइसी हसली नाही. "त्यांच्याकडेही नाहीये. कुणाकडेच नाही. आणि सगळे खोटं बोलतायत."

"एकाच वेळी चौदा दोर कोण चोरेल?" सेमेसाने विचारलं.

"एकाच वेळी कशावरून? सहा वर्षांत कुणी बाहेर काढून बघितलेत?"

सेमेसाचं डुक्कर वाटेतच बांधलेलं होतं. त्याने तीन खेपा घालून त्याला टेकडीवर न्यायचा प्रयत्न केला होता, पण डुक्कर बधलं नव्हतं. आताही त्याने डुकराची दोरी सोडली, ओढली आणि तो अचानक थांबला.

"ताई, हे बघ."

दोरी करंगळीएवढी बारीक होती. उन्हाने विटलेली, पण निळी. आणि तिच्या पिळात एक पिवळा धागा होता.

"ही कुठे मिळाली तुला?"

"किनाऱ्यावर. नाताळच्या आधी वाहून आली होती. तिला शेवाळाचा झुपका बांधलेला होता. मी तो काढून टाकला."

"बांधलेला? अडकलेला नव्हे?"

"बांधलेला. गाठ मारून."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नावूनीवीत समुद्रशेवाळाची शेती करणारा माणूस एकच होता. सिकेली मोमो, म्हणजे सिकेलीमामा. आईचा सख्खा भाऊ.

सिकेलीचं घर, म्हणजे गावातलं चौदावं, भूशिराच्या टोकाला होतं. मघाशी ते बंद होतं आणि आताही बंदच होतं. मोमो खाली समुद्रात दिसला. ओहोटीने प्रवाळाच्या कठड्याच्या आतलं पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं होतं. पाण्यात खुंटांच्या रांगा होत्या, खुंटाखुंटांमध्ये दोऱ्या ताणलेल्या आणि दर वीतभर अंतरावर शेवाळाचा एकेक तांबूस झुपका. मोमो त्यांच्यामध्ये उभा राहून आकाशाकडे बघत होता. हातात काहीच काम नव्हतं.

"मोमो!" सेमेसा पाणी उडवत धावला. "घराला फळ्या नाही ठोकल्या?"

"अरे, वळेल ते वादळ! दर वेळी उत्तरेला वळतं." मोमो हसला. पण उनाइसीने जवळची दोरी हातात घेतलेली पाहून त्याचं हसू मावळलं.

"ह्यात पिवळा धागा आहे, मोमो."

"असेल."

"सगळ्यांतच आहे."

वाऱ्याची एक लाट पाण्यावरून सरकत आली. मोमोने खाली पाहिलं.

"मी चोरले नाहीत," तो म्हणाला. "प्रत्येक घरी गेलो. रीतीप्रमाणे यांगोना झाडाच्या मुळ्यांची जुडी पुढे ठेवली, हात जोडून केरेकेरे केलं. दिले त्यांनी."

केलेरा सुव्यात वाढलेली असली तरी केरेकेरे म्हणजे काय हे तिलाही माहीत होतं. नातेवाइकाने रीतसर मागितलं की नाही म्हणायचं नाही. आणि दिलेलं परत मागायचं नाही, कुठे बोलायचंही नाही.

"पण चौदा? सगळेच्या सगळे?" ती ओरडली.

"एक माझा स्वतःचाच. बाकीचे दीड वर्षात एकेक करून मागितले. प्रत्येक जण म्हणाला, घेऊन जा, वेळ आली तर शेजाऱ्याचा आहेच. तुझे काकासुद्धा हेच म्हणाले. पेनीआसीसुद्धा."

उनाइसीच्या लक्षात आलं. सगळे शेजाऱ्याच्या दोरावर विसंबून होते, आणि शेजारीही तसाच.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग दोर कुठे आहेत? जाड दोर?"

मोमोने हात पसरून चारी बाजूंना दाखवलं. "हे काय. सोडवले मी ते. एका दोराचे तीन पेड. शेवाळाला जाड दोर कशाला लागतो?"

डुकराच्या गळ्यातून काढून आणलेली दोरी सेमेसाने मुठीत घट्ट धरली होती.

"पुन्हा वळता येतील," उनाइसी शेवटी म्हणाली. "तुकाईंना येतं."

"तीन महिन्यांचं पीक आहे त्यावर, पोरी. पुढच्या आठवड्यात काढायचं होतं."

"उद्या वादळच काढणार आहे ते!"

"वादळ वळलं तर?"

हा माणूस देणार नाही, हे उनाइसीला कळलं. बाबा मागू शकत नव्हते. दिलेली वस्तू मेहुण्याकडे परत मागायची म्हणजे स्वतःचं नाक स्वतःच कापायचं. पेनीआसीकाकाही मागू शकत नव्हते. गावातल्या एकाही मोठ्या माणसाला ते शक्य नव्हतं.

तिने सेमेसाच्या खांद्याला धक्का दिला. सेमेसा अकरा वर्षांचा होता, पण काही गोष्टी त्याला सांगाव्या लागत नसत. तो मोमोच्या समोर जाऊन उभा राहिला.

"मोमो, मी तुमच्या बहिणीचा मुलगा आहे ना?"

"आहेस की."

"म्हणजे मी तुमचा वासू. मामाच्या घरातली कुठलीही वस्तू वासू न विचारता उचलू शकतो. आजोबांच्या आजोबांपासून चालत आलंय."

"अरे, ते कोंबडीसाठी असतं रे! चाकूबिकूसाठी!"

"मला कोंबडी नको," सेमेसा म्हणाला. "मला तुमचं हे सगळं शेत हवंय."

"मलाही," उनाइसी म्हणाली. "मी पण वासूच आहे."

मोमोने कमरेचा सुरा काढून उलटा धरला आणि मूठ भाच्यापुढे केली.

"तुझ्या आईला सांगू नकोस, मी रडलो म्हणून," तो म्हणाला.

साडेअकरा वाजले होते आणि भरती सुरू झाली होती. चौघांनी कामाला सुरुवात केली. शेवाळ ओरबाडायचं, खुंटाजवळ कापायचं, वेटोळं करायचं. एक वाजता पाणी कमरेला लागलं. केलेराच्या तळव्यांतून रक्त येत होतं, पण बोटीबद्दल तिने विचारलं नव्हतं. दीड वाजता कठड्यावरून पहिली मोठी लाट आत आली आणि बाहेरची अख्खी रांग खुंटांसकट उचलून घेऊन गेली. मोमोने सेमेसाची मानगूट धरून त्याला बाहेर ओढलं.

बेचाळीस दोऱ्यांपैकी बावीस हाती आल्या.

तुकाईंनी त्या एकेक करून चाचपल्या, ओढून पाहिल्या. चार तर हातातच तुटल्या. "उन्हाने खाल्ल्यात," ते म्हणाले. "अठरा चालतील. पण आता तीन पेडी दोर धरणार नाही. सहा पेड घ्यावे लागतील."

"म्हणजे किती दोर होतील?"

"तीन."

"चौदा घरांना तीन!" केलेरा म्हणाली.

"असल्या विटक्या दोरांचे एका घराला दोन लागतील," तुकाई म्हणाले. "बस आता खाली. हे टोक धर. पीळ सुटू द्यायचा नाही."

तिघं पोरं आणि मोमो ओसरीवर दोर वळायला बसले. चार वाजता पेनीआसीकाका आले. त्यांनी निळी वेटोळी पाहिली, मोमोला पाहिलं आणि पायऱ्यांवर बसून एक टोक हातात घेतलं. मग दुसरे आले. मग तिसरे. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. अंधार पडेपर्यंत दोन दोर झाले आणि तिसरा पहाटे उठून पुरा केला. सकाळी सात वाजता सगळं गाव उनाइसीच्या अंगणात उभं होतं आणि प्रत्येकाची नजर त्या तीन वेटोळ्यांवर होती.

वारा आता सलग वाहत होता. पश्चिमेकडचा पत्रा कुरकुरत होता.

"तुकाईंना हलवता येत नाही," बाबा म्हणाले. "म्हणून मी म्हणतो, दोन दोर ह्या घरावर. एवढंच मागतो."

कुणीच नाही म्हटलं नाही. रीतच होती ती. उनाइसीला वाटलं, झालं! घर वाचलं! आणि लगेच तिने समोर उभ्या असलेल्या माणसांची मोजणी केली. तान्ही बाळं धरून त्रेसष्ट. त्यांच्या घरात दाटीवाटीने पंधरा मावले असते.

"शाळेचं छप्पर लांब आहे," ती हळूच म्हणाली. "त्याला तीन लागतील ना, तुकाई?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"तीन लागतील," आतून तुकाईंचा आवाज आला. "आणि भिंती सिमेंटच्या आहेत. अपोरोसी, मला तिकडे घेऊन चल."

"कशावरून नेऊ?" बाबांनी विचारलं. "शाळा टेकडीवर आहे, वाट निसरडी. चटईवरून घसराल तुम्ही."

"दार काढ. त्यावर निजवून ने."

बाबा जागेवरून हलले नाहीत. दार काढलेल्या घरात वारा शिरला की छप्पर आतूनच उचललं जातं, हे नावूनीवीतल्या लहान पोरालाही कळत होतं. बाबांनी सहा वर्षं खपून ते घर बांधलं होतं. शेवटी ते आत गेले, हातोडी घेऊन आले आणि बिजागऱ्या काढायला लागले. वरची बिजागरी निघेना, तेव्हा मोमो पुढे झाला आणि त्याने दार धरलं.

साडेनऊला तिसरा दोर शाळेच्या छपरावरून आवळला गेला. पावणेअकराला शेवटचं माणूस आत आलं. सेमेसाचं डुक्करही आलं. ते कोणी आणलं, हे कुणी कबूल केलं नाही.

वादळ पावणेबाराला आलं.

पहिला तासभर नुसता आवाज होता. मग आवाजात आवाज मिसळून काहीच ऐकू येईना. उनाइसी तुकाईंच्या दाराजवळ बसली होती आणि वर बघत होती. पत्रा वर उचलला जाई, दोराला लागे, खाली आपटे. पुन्हा उचलला जाई. प्रत्येक वेळी दोर गुणगुणायचा. सेमेसा बोटांवर मोजत होता. एकदा बाहेर फाटकन आवाज झाला.

"एक पेड गेला," तुकाई म्हणाले.

"अजून पाच आहेत," सेमेसा म्हणाला.

दीड वाजता दुसरा गेला. दोन वाजता तिसरा. दोघा बायकांनी प्रार्थना मोठ्याने म्हणायला घेतली आणि केलेरा त्यांच्यात मिसळली. मधल्या दोराचे तीनच पेड उरले होते. उनाइसीने तुकाईंचा हात धरला. त्यांची बोटं पीळ भरत होती, हवेतच.

मधला दोर टिकला. पूर्वेचं टोक टिकलं नाही. तिथले चार पत्रे गेले आणि त्या कोपऱ्यातल्यांनी उरलेले तीन तास पावसात काढले. पण मेलं कुणी नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांनी टेकडीवरून खाली पाहिलं. गाव नव्हतं. चौदापैकी एक घर अर्धं उभं होतं, तेही दगडांमुळे नव्हे, तर दुसऱ्याचं छप्पर त्याच्यावर येऊन पडलं होतं म्हणून. नीरफणसाचं एकही झाड शिल्लक नव्हतं. छाटलेला कसावा जागेवर होता, पण शेतात समुद्र येऊन गेला होता. कंद किती दिवस खाता येतील, हे कुणी कुणाला विचारलं नाही. उनाइसीच्या घराच्या जागी तीन सिमेंटच्या पायऱ्या होत्या. बाकी काही नाही.

पेनीआसीकाकांनी गाव शाळेपुढे बसवलं. त्यांचा सदरा फाटला होता आणि आवाज बसला होता, पण बोलायचं ते रीतसरच बोलले.

"आपण सगळ्यांनी दोर देऊन टाकले आणि गप्प बसलो. मी तर खोटंही बोललो. ह्या तीन पोरांनी शोध लावला नसता, तर आज बोलायला मी नसतो आणि ऐकायला तुम्ही नसता. उनाइसी, सेमेसा, केलेरा, गाव तुमच्या ऋणात आहे. शाबास!"

लोकांनी तीनदा टाळी वाजवली, संथ आणि एकसाथ, थोरामोठ्यांना मान देताना वाजवतात तशी. सेमेसाचे कान लाल झाले. मोमो पुढे आला आणि भाच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"वासू, माझ्याकडे द्यायला आता काही नाही."

"मला तरी कुठे काय ठेवायला जागा आहे?" सेमेसा म्हणाला, आणि मोमो हसला की रडला ते कळलं नाही.

दहाच्या बातम्यांत रेडिओने सांगितलं की उत्तरेला आणखी एक कमी दाबाचा पट्टा तयार होतोय. वादळांचा मोसम संपायला तीन महिने होते. कुणीतरी रेडिओ बंद केला.

त्याच वेळी नाइसोगोहून एक माणूस चिखल तुडवत आला. खाडीपलीकडचं गाव, बाबांचा लांबचा भाऊ. पायांना जखमा होत्या. त्याने भिजलेल्या मुळ्यांची एक लहानशी जुडी पुढे ठेवली आणि हात जोडले.

"आमच्या चर्चची तुळई खाली आलीय. खाली एक म्हातारी आहे, जिवंत आहे. ओढायला काही नाही. तुमच्या शाळेच्या छपरावर दोर दिसले. एखादा द्या."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पूर्वेचा दोर टोकाशीच तुटला होता, मधला अर्धा झाला होता. धड असा एकच होता, पश्चिमेचा. पेनीआसीकाका हळू आवाजात म्हणाले, "दोर पोरांचे आहेत. त्यांना विचार."

नाही म्हणता येत नव्हतं. आणि म्हातारी तुळईखाली होती. उनाइसीने पश्चिमेचा दोर सोडवून आणला, वेटोळं केलं, आणि तो माणूस हात पुढे करत होता तरी ते स्वतःच्याच खांद्यावर घातलं.

"दोर देते, काका. पण त्याच्याबरोबर मी येणार. म्हातारी निघाली की दोर आणि मी, दोघंही परत."

"हे कुठल्या रीतीत बसतं, पोरी?"

"बसत नाही," दारावर पडलेले तुकाई म्हणाले. "तरी येईल ती."

माणसाने तिच्याकडे पाहिलं, मग दोराकडे, आणि तो वळून चालायला लागला. उनाइसी त्याच्या मागून निघाली. वाट तिच्या घरावरून जात होती. दोर जड होता, अजून ओला होता. सवयीने ती तीन पायऱ्या चढली, वर पोहोचली, थांबली आणि तशीच पलीकडे चिखलात उतरली.